प्रतिसृष्टीचा मसुदा आणि अन्यायाचा इतिहास

१

अद्भुत कादंबरीचा लेखक नवे विश्व रचतो, त्या कृतीसाठी मराठीत एक जुना आणि समर्पक शब्द आहे : प्रतिसृष्टी. वसिष्ठांनी नाकारलेल्या त्रिशंकूला सदेह स्वर्गात पाठवण्याचा विश्वामित्राचा यत्न इंद्राने हाणून पाडला, तेव्हा विश्वामित्राने दक्षिण दिशेला वेगळे सप्तर्षी आणि वेगळी नक्षत्रमाला निर्माण केली, ही बालकांडातील कथा सर्वपरिचित आहे. ती सहसा निर्मात्याच्या सामर्थ्याची कथा म्हणून वाचली जाते. परंतु ज्याच्यासाठी ही सृष्टी रचली गेली, तो त्रिशंकू खाली डोके वर पाय अशा अवस्थेत तेथेच राहिला. प्रतिसृष्टीच्या रचनेसंबंधी तिच्या रहिवाशाच्या बाजूने प्रश्न विचारता येतो काय, आणि विचारल्यास तो साहित्यविचारात बसतो काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विश्वरचनेच्या दोन पद्धती सामान्यतः सांगितल्या जातात. पहिल्या पद्धतीत लेखक कथेच्या आधी विश्व सिद्ध करतो. नकाशा, कालगणना, राजवंश, देवदेवता, मंत्रविद्येचे नियम हे सर्व ठरल्यावर पात्रे त्यात वावरू लागतात. टोल्किनने आधी भाषा घडवल्या आणि त्या बोलणाऱ्यांसाठी जग घडवले, हे या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. दुसऱ्या पद्धतीत लेखक एखाद्या पात्रापासून किंवा प्रसंगापासून निघतो; लिहिता लिहिता जेवढे लागेल तेवढेच विश्व उभे राहते. पहिलीत सुसंगती साधते पण कथा जड होण्याचा धोका असतो. दुसरीत कथा वाहती राहते पण विश्वाचे सांधे निखळतात. रचनाकौशल्याच्या दृष्टीने ही तुलना पुरेशी आहे. नैतिक दृष्टीने मात्र दोहोंत एक गोष्ट समान आहे, आणि तीच महत्त्वाची आहे : दोन्ही पद्धतींत कोणत्या तरी टप्प्यावर एखादे विधान घटना न राहता नियम होते. ‘या राज्यात एका जमातीला गुलाम केले गेले’ ही घटना आहे. ‘या राज्यात ती जमात जन्मतःच हीन आहे’ हा नियम आहे. पहिल्या पद्धतीत हा नियम टिपणवहीत उघडपणे लिहिला जातो. दुसरीत तो सवयीच्या वाटेने, लेखकाच्या नकळत आत येतो. म्हणून दुसरी पद्धत अधिक निरागस आहे असे मानण्याचे कारण नाही.

पहिल्या लेखनाला मराठीत खर्डा म्हणतात, तसे मसुदाही म्हणतात; आणि मसुदा कायद्याचाही असतो. अद्भुत कादंबरीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात. येथे लेखक कथेचा खर्डा करतो, त्याबरोबर त्या विश्वाच्या कायद्याचा मसुदाही करतो. आणि मसुद्यावर आक्षेप घेण्याची वेळ तो मंजूर होण्यापूर्वीचीच असते.

२

कोकणाची उत्पत्तिकथा ही स्वतःच एक विश्वरचना आहे. जिंकलेली सारी पृथ्वी कश्यपाला दान केल्यावर परशुरामाला राहावयास भूमी उरली नाही. त्याने समुद्राला मागे हटवले आणि सह्याद्री व सागर यांच्यामधली पट्टी वर आली. चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाने ही कथा आजही जिवंत ठेवली आहे, आणि गर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत संपादून प्रसिद्ध केलेल्या सह्याद्रिखंडात तिच्याबरोबर येथल्या समाजांच्या उत्पत्तीच्या व प्रतिष्ठेच्या कथाही गुंफलेल्या आढळतात. कथेतील भूमी समुद्रातून वर येते, म्हणजे ती कोरी असते. तिच्यावर कोणी राबलेले नाही, कोणाचे पूर्वज तिच्यात पुरलेले नाहीत. म्हणून ती देणाऱ्याला देता येते आणि घेणाऱ्याला निःशंकपणे घेता येते. जमिनीच्या मालकीचा प्रश्न येथे युक्तिवादाने सोडवलेला नाही. तो भूगोलातच विरघळवला आहे.

कथेने कोरी ठरवलेल्या याच भूमीवर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातळाच्या सड्यांवर, उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू या ठिकाणी प्रागैतिहासिक माणसांनी हत्ती, मासे, मानवाकृती आणि अनाकलनीय भौमितिक रचना कोरून ठेवल्या आहेत. २०२२ साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. पुराणकथेचे खंडन पुरातत्त्वाने करावे अशी अपेक्षा येथे नाही. ती दोन वेगळी ज्ञानक्षेत्रे आहेत. मुद्दा एवढाच, की विश्वरचनेची पहिली निर्मिती म्हणजे कोरेपणा, आणि हा कोरेपणा निष्पाप नसतो.

यावर असे म्हणता येईल, की संपूर्ण कल्पित विश्वात आधीचे कोणी असतच नाही. तेथला कागद खरोखरच कोरा असतो. परंतु लेखकाच्या हाती असलेली भाषा कोरी नसते. मराठीत ‘गाव’ लिहिताच गावकूस येते, आणि गावकूस आले की त्याच्या आतले व बाहेरचे येतात. ‘वाडा’ लिहिताच ओटी, माजघर आणि परसू यांबरोबर कोणी कोठपर्यंत यावे याची एक अलिखित संहिता येते. ‘वतन’, ‘बलुते’, ‘सोवळे’ हे शब्द कोणत्याही कल्पित राज्यात नेले तरी आपली जुनी व्यवस्था बरोबर घेऊन जातात. जे लेखकाने ठरवले नाही ते भाषेने आधीच ठरवलेले असते. कल्पित विश्वाच्या सीमेवर या शब्दांची झडती घेणे हे काम लेखकाचे आहे. दुसरा कोणी ते करू शकत नाही.

३

वास्तववादी कादंबरीपुढे हा प्रश्न या स्वरूपात उभा राहत नाही, हे श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीवरून दिसते. खेड तालुक्यातले, जगबुडीच्या काठचे तुंबाड आणि तेथल्या खोत घराण्याच्या पिढ्या हा तिचा विषय. खोती ही कोकणातली जमीनव्यवस्था. गावाचा सारा सरकारात भरणारा खोत मधल्या जागी बसून कुळांकडून पिकाचा वाटा घेई, आणि अनेक ठिकाणी वेठही घेई. १८८० च्या खोती कायद्याने तिला नियमबद्ध केले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी १० जानेवारीला शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. आणि १९४९ च्या कायद्याने ती संपुष्टात आणली. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले.

हा तपशील कादंबरीच्या बाहेरचा आहे, आणि तो बाहेर आहे हेच येथे महत्त्वाचे. पेंडशांनी खोतांचे वैभव, उद्दामपणा आणि ऱ्हास कितीही ममत्वाने रंगवला, कुळांच्या बाजूला किती जागा दिली वा दिली नाही, तरी खोतीचा अन्याय त्यांनी निर्माण केलेला नाही. त्यांची निवड तपासता येते, दृष्टिकोन तपासता येतो; पण व्यवस्थेबद्दल त्यांना जाब विचारता येत नाही. त्याहून अधिक म्हणजे, वाचकाला कादंबरी मिटून गॅझेटियर उघडता येते. ज्या व्यवस्थेत पात्रे जगतात ती रद्द होऊ शकत होती आणि झाली, याची साक्ष जगाने दिलेली आहे. वास्तववादी कादंबरीला असा साक्षीदार असतो.

अद्भुत कादंबरीला तो नसतो. तिच्यातल्या राज्याचे गॅझेटियर लेखकानेच लिहिलेले असते, आणि तिच्यातली व्यवस्था रद्द करणारे विधिमंडळ तिच्याबाहेर कोठेही भरत नाही. ‘तसे होते म्हणून तसे लिहिले’ हे वास्तववादी लेखकाला उपलब्ध असलेले उत्तर तिच्या लेखकाला उपलब्ध नाही. तसे होते, कारण त्याने तसे केले.

४

तुंबाड या नावाचा पुढचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला. त्याचे नाव पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेले आहे, तर कथेची प्रेरणा नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेत आहे. बर्वे यांनी पहिला खर्डा १९९७ साली केला, आणि २००९–१० मध्ये सातशे पानांचा चित्रालेख तयार केला. चित्रपट कादंबरी नव्हे; परंतु मराठी भूमीवर इतक्या चिकाटीने मसुदा केलेले अद्भुत विश्व दुसरे सहज सापडत नाही, म्हणून त्याचा विचार येथे क्रमप्राप्त आहे.

या विश्वाचा मूळ नियम एका कल्पित पुराणकथेत सांगितला आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर याने तिचे सारे सोने घेतले. धान्यही घेऊ लागला तेव्हा देवांनी त्याच्यावर हल्ला केला. देवीने त्याला आपल्या उदरात लपवून वाचवले, पण अट घातली की त्याची पूजा होऊ नये. एका घराण्याने ती केली, आणि देवांचा कोप अखंड पावसाच्या रूपाने तुंबाडवर कोसळत राहिला. पुढे विनायक वाड्याखालच्या त्या उदरात पिठाची बाहुली घेऊन उतरतो. धान्याला भुकेलेला हस्तर बाहुलीकडे धावतो, तेवढ्यात विनायक त्याच्या लंगोटातली नाणी ओरबाडतो.

सोने आणि धान्य यांची ही फारकत असामान्य आहे. खोतीचे मर्म त्याहून नेमके सांगणे कठीण. ज्याच्या हाती धन साचते तो धान्य पिकवत नाही, आणि त्याची भूक अखेर धान्याचीच असते. कल्पित देवाच्या एका नियमात लेखकाने एका प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचे सूत्र पकडले, हे अद्भुताचे बलस्थान होय. वास्तववादाला जे शेकडो पानांत साधावे लागते ते येथे एका प्रतिमेत साधते. शेवटी विनायकाचा मुलगा सोने नाकारतो, तेव्हा त्या नियमापुढे माणसाची निवडही उभी राहते.

तथापि बाहुलीचे पीठ कोठून आले, हा प्रश्न या विश्वात उद्भवत नाही. पीठ म्हणजे धान्य, धान्य म्हणजे शेत, शेत म्हणजे कूळ. आणि कूळ या कथेच्या केंद्रात कोठेही येत नाही. सोने उदरातून येते, म्हणजे ते कोणाकडून घेतलेले नसते. लोभ हा घराण्याचा दोष राहतो, तो संबंध राहत नाही. येथे चित्रपटाने खोतीचे चित्रण करावयास हवे होते असे म्हणावयाचे नाही. तसे वचन त्याने दिलेले नाही. निरीक्षण एवढेच आहे, की वास्तव तुंबाडच्या नावाबरोबर आलेला इतिहास प्रतिसृष्टीत शाप झाला, आणि शापाला उगम असला तरी कर्ते मर्यादित असतात. ज्याच्यावर अन्याय झाला तो शापाच्या कथेत दिसेनासा होऊ शकतो. परशुरामाच्या कथेत भूमी कोरी झाली होती. येथे सोने कोरे झाले आहे.

५

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. कलाकृती स्वायत्त असते; तिचे विश्व तिच्या अंतर्गत सुसंगतीनेच तपासावयाचे असते; लौकिक नीतीचे निकष लावणे म्हणजे तिचे स्वरूपच नाकारणे होय. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) मांडलेल्या परिभाषेत हा अलौकिकतावादी ध्रुवाकडचा आक्षेप आहे. अद्भुत साहित्याच्या बाबतीत तो अधिक बळकट वाटतो, कारण येथे विश्वच वेगळे आहे. टोल्किननेही १९३९ च्या आपल्या परीकथाविषयक व्याख्यानात दुय्यम विश्वाची कसोटी आंतरिक सुसंगती हीच मानली होती. हिरवा सूर्य म्हणणे सोपे आहे. ज्या विश्वात हिरवा सूर्य विश्वसनीय वाटेल ते रचणे कठीण आहे, असा त्याचा आशय होता.

हा आक्षेप मान्य करूनही प्रश्न उरतो. हिरवा सूर्य सर्वांवर सारखाच उगवतो. जन्मतः दुष्ट असलेला वंश मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. त्या विश्वातल्या काही रहिवाशांना तो मारण्यायोग्य ठरवतो आणि काहींना मारण्याचा अधिकार देतो. हे दोन नियम एकाच जातीचे नाहीत. पहिला विश्वाच्या रचनेचा आहे, दुसरा विश्वातल्या ओझ्यांच्या वाटणीचा. सुसंगतीची कसोटी पहिल्याला पुरते. दुसऱ्याला पुरत नाही, कारण अन्यायही पूर्णतः सुसंगत असू शकतो. किंबहुना, तो बहुधा असतोच. स्वतः टोल्किनला ऑर्कांच्या प्रश्नाने अखेरपर्यंत सोडले नाही. त्यांचा उगम काय, त्यांना आत्मा आहे काय, उद्धाराची शक्यता नाकारलेला वंश ईश्वराच्या सृष्टीत असू शकतो काय, यांची उत्तरे तो बदलत राहिला. सुसंगतीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता ज्या ठिकाणी अस्वस्थ होता, ते ठिकाण सुसंगतीच्या पलीकडचे होते.

याच भेदाने जी. ए. कुलकर्णी यांच्या विश्वांचा वेगळेपणाही समजतो. ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांमधले प्रदेश कोणत्याही नकाशावर नाहीत, आणि तेथली नियती निर्दय आहे. त्या विश्वांत दुःखाला कारण दिलेले नाही, ते नियमच आहे. तरीही जी. एं.च्या विश्वांवर वरील आरोप करता येत नाही, कारण तेथली नियती कोणत्याही एका कुळाला किंवा वर्णाला वाहिलेली नाही; ती राजाला आणि भिकाऱ्याला सारखीच गाठते. नियतीचा अंधार आणि व्यवस्थेचा अंधार यांची गल्लत होऊ न देता विश्व रचता येते, याचे हे मराठीतले थोर उदाहरण होय. व्यवस्थेलाच नियतीचा वेष चढवला जातो, तेव्हा मात्र विश्वरचना अप्रामाणिक होते.

६

मग लेखकाने न्याय्य विश्वेच रचावीत काय? असा आग्रह धरल्यास अद्भुत कादंबरी बोधकथेच्या पातळीवर येईल. आदर्श राज्याची कल्पना स्वतःच एक समर्थ रीत आहे, हे खरे. काशीबाई कानिटकरांनी ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) मध्ये स्त्रियांच्या हाती कारभार असलेले संस्थान कल्पिले. तेथे संस्थानाचा परिचित साचा तसाच ठेवून एकच नियम फिरवला आहे, आणि तो फिरवता येतो हे दिसताच बाहेरच्या जगातला तो नियम निसर्ग नसून रिवाज होता हेही दिसते. परंतु प्रत्येक विश्वाने हेच करावे असे म्हणता येत नाही. अन्यायाविना संघर्ष नाही, आणि संघर्षाविना कादंबरी नाही.

मार्ग दुसरीकडे आहे, आणि तो उर्सुला ल ग्विनच्या ‘अर्थसी’ मालिकेच्या घडणीत दिसतो. १९६८ च्या पहिल्या कादंबरीत तिने द्वीपांचा नकाशा आणि नावांवर आधारलेली मंत्रविद्या रचली. त्या विद्येचे रोक बेटावरचे विद्यापीठ केवळ पुरुषांसाठी होते. स्त्रियांची विद्या दुबळी किंवा दुष्ट समजली जाई. हा नियम तिने अन्याय करण्याच्या हेतूने घातला नव्हता. वाङ्मयीन परंपरेतून तो सवयीने आला होता. १९९० च्या ‘टेहानू’मध्ये तिने तेच विश्व घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या आणि जाळल्या गेलेल्या मुलीच्या बाजूने पाहिले, आणि २००१ च्या कथासंग्रहातील ‘द फाइंडर’मध्ये दाखवले की रोकच्या संस्थापकांत स्त्रियाही होत्या. त्यांना नंतर वगळण्यात आले, आणि ते वगळणे विसरले गेले.

येथे जे घडले ते साधे दुरुस्तीपत्रक नव्हे. ल ग्विनने जुना नियम खोडला नाही. तिने त्याला इतिहास दिला. जे निसर्ग म्हणून लिहिले गेले होते ते कोणीतरी, केव्हातरी, कोणाच्या तरी विरोधात घडवलेले ठरले. अन्याय तसाच राहिला, संघर्ष तसाच राहिला, उलट अधिक तीव्र झाला. पण ज्या रहिवाशांवर तो होता त्यांना त्याविरुद्ध बोलण्यासाठी पायाखाली जागा मिळाली. वास्तव जगात ही जागा दप्तरे, विधेयके आणि कातळावरच्या रेषा देतात. प्रतिसृष्टीत ती लेखकालाच द्यावी लागते.

यावरून विश्वरचनेचे उत्तरदायित्व नेमकेपणाने मांडता येते. अद्भुत कादंबरीच्या लेखकावर न्याय्य विश्व रचण्याचे बंधन नाही. परंतु जो अन्याय त्याच्या विश्वातल्या काहींच्याच वाट्याला येतो, त्याला निसर्गनियमाचा दर्जा देण्याचा अधिकारही त्याला नाही. त्याला इतिहास द्यावा लागतो, निदान इतिहासाला वाव ठेवावा लागतो. हा वाव म्हणजे प्रत्येक वेळी प्रकरणे लिहिणे नव्हे. कोणाला तरी आधीची व्यवस्था आठवते. एखादे जुने गाणे राजवंशाच्या कथेशी जुळत नाही. नकाशावर एका गावाची दोन नावे आहेत. शापाची हकिकत वाड्यात एक आणि रानात दुसरी सांगितली जाते. एवढेही पुरते. अशा तपशिलाने विश्वाची सुसंगती भंगत नाही. उलट, खऱ्या जगाला जी खोली असते ती त्यातूनच येते, कारण खऱ्या जगात कोणतीही उत्पत्तिकथा एकटी नसते.

‘मुक्तामाला’पासून (१८६१) मराठी अद्भुतावर पलायनवादाचा आरोप होत आला आहे. तो आरोप चुकीच्या जागी बसतो. वास्तवापासून दूर जाणे हा दोष नव्हे. दूर जाताना वास्तवातली व्यवस्था गाठोड्यात बांधून नेणे आणि तेथे ती आकाशासारखी पसरून देणे, हा दोष आहे. तो टाळण्याची संधी मसुद्याच्या टप्प्यावर सर्वाधिक असते. ल ग्विनला ती मिळवण्यासाठी दोन दशके आणि नवी पुस्तके लागली. नकाशा, वंशावळ आणि मंत्रांचे नियम मांडलेल्या टिपणवहीत म्हणूनच आणखी एक रकाना असावयास हवा. या विश्वात कोण कोणाच्या कष्टावर जगते, हे केव्हापासून आहे, आणि ते तसे नव्हते असे कोणाला आठवते, यांची उत्तरे त्यात लिहावीत. तो रकाना कादंबरीत छापला जाणार नाही. पण तो रिकामा राहिला, तर त्याची जागा भाषेतली जुनी व्यवस्था भरून काढील, आणि तेथल्या रहिवाशाला त्रिशंकूप्रमाणे दुसऱ्याच्या आकाशात लटकत राहावे लागेल.